धुळीवरचं भाषण

एखादा माणूस काहीही न सांगता किती वेळ बोलू शकतो, याची मला त्या दिवसापर्यंत कल्पना नव्हती. माझ्या सासूबाईसुद्धा मध्ये श्वास घ्यायला थांबायच्या. हा गृहस्थ सकाळी उभा राहिला तो बसायचं नावच घेईना.

मी आणि माझा नवरा वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. खाली सभागृह, समोर उंच खुर्चीवर सभापती, त्यांच्या पुढ्यात लघुलेखकांचं टेबल आणि त्या टेबलाशी माझी धाकटी बहीण. सभागृहात जो जे बोलेल ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं हे तिचं काम. आमची प्रवेशपत्रंही तिनेच काढली होती. आज विधेयक मंजूर होणारच, भाऊजींना डोळ्यांनी बघू दे, असं तिचं म्हणणं होतं.

विधेयक आमचंच होतं म्हणा ना. नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं टाइल्सच्या कारखान्यात पांढरी पावडर चाळण्यात घालवली. ती पावडर त्याच्या फुफ्फुसात जाऊन बसली. त्याला धाप लागायला लागली तशी कंपनीने त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला, आणि उपचाराचं विचारायला गेलो तर म्हणाले, तुम्ही नोकरी सोडलीत, आता आमचा संबंध नाही. या विधेयकाने जुन्या कामगारांच्या उपचाराचा खर्चही कंपन्यांच्या गळ्यात पडणार होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की उपचार आत्ता सुरू झाले तर हा सावरेल, लांबले तर त्यांच्याही हातात काही राहणार नाही. ते उपचार आमच्या आवाक्याबाहेरचे होते.

या वेळी मतं जमली होती. मतदान झालं तर कंपनी हरणार हे कंपनीलाही माहीत होतं. म्हणून मतदानच होऊ द्यायचं नाही, असं ठरलं. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, पाच वाजता सभागृह उठणार, आणि तोवर मतदान झालं नाही तर विधेयक बाद. नियम असा की उभा राहिलेला सदस्य जोवर खाली बसत नाही किंवा गप्प होत नाही, तोवर त्याला कोणी थांबवायचं नाही. असला नियम ज्याने केला त्याला माझ्यासमोर आणा, मी बघते त्याच्याकडे. तर कंपनीने या कामाला रेडिओला उभं केलं.

रेडिओ हे नाव धाकटीच्या ऑफिसातलं, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. त्याची निवडणूक कंपनीच्या पैशावर झाली हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. प्रचाराच्या गाड्या कंपनीच्या, फलक कंपनीचे, आणि निवडून आल्यावर मतदारांच्या आधी तो कंपनीत जाऊन आभार मानून आला. त्यात लपवाछपवी काही नाही. आपण पैसे दिले की ती लाच असते आणि यांनी दिले की देणगी. कंपनीचा वकील आमच्या पुढच्याच रांगेत पाय पसरून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

सकाळभर रेडिओने टाइल्सचा इतिहास सांगितला. मग पोहण्याच्या तलावाची नियमावली वाचली. मग स्वतःच्या न्हाणीघराला कोणता रंग द्यायचा यावरून बायकोशी झालेलं भांडण, दोन्ही बाजूंनी, सविस्तर. सदस्य पेंगत होते. माझं डोकं फिरायची वेळ आली होती, आणि नवरा मात्र कठड्यावर हात ठेवून शांत बसला होता. त्याच्या श्वासाची शिट्टी मला सारखी ऐकू येत होती. जेवणाच्या वेळेनंतर रेडिओ धुळीवर आला.

धुळीने मात्र त्याला दगा दिला. चार वाजून गेले असतील, त्याचा घसा बसला. एक वाक्य अर्ध्यावर सुटलं. तो पाणी प्यायला, परत तोंड उघडलं, आवाज फुटेना. पेंगणारे सदस्य ताठ झाले. विधेयक मांडणाऱ्या बाई खुर्चीच्या कडेला आल्या. सभापतींनी मतदानाची घंटा वाजवायला हात पुढे केला, आणि मी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

रेडिओ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सभापती महोदय, माझा धागा तुटला. धुळीविषयी मी जे बोललो ते लघुलेखिका बाईंनी पहिल्यापासून वाचून दाखवावं."

हाही नियम. सदस्याने मागितलं तर त्याचं बोलणं त्याला वाचून दाखवायचं, आणि तो वेळ त्याच्याच भाषणात धरायचा. सभापतींनी हात मागे घेतला आणि धाकटी उठली.

एरवी वाचताना ही मंडळी बोलणं स्वच्छ करून वाचतात. अडखळणं, खोकला, तेच ते, सगळं गाळलं जातं. तशी पद्धतच आहे, नाहीतर आपण कोणाला निवडून दिलंय हे लोकांना कळेल. तसं वाचलं असतं तर धुळीचं ते सगळं पुराण चार ओळींत आटोपलं असतं. पण धाकटीचा संताप सकाळपासून साठत होता. तिने ठरवलं, आज काहीही गाळायचं नाही.

"सभापती महोदय," ती खणखणीत आवाजात वाचायला लागली, "धूळ म्हणजे, अं, धूळ म्हणजे काय? धूळ घरात पण असते. माझ्या घरात आहे. खोकला. पाणी द्या जरा. सदस्य पाणी पितात. तर धूळ, महोदय, मी काय म्हणत होतो? हां, धूळ."

सभागृहात हशा पिकला. सदस्य बाकं बडवायला लागले. सभापतींनी रुमाल तोंडाला लावला. धाकटी प्रत्येक 'अं' सावकाश, नीट, जागच्या जागी ठेवत गेली. रेडिओ मान खाली घालून उभा होता. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. किती महिन्यांनी हसले असेन, आणि वाटलं, वा गं माझी वाघीण.

नवरा हसत नव्हता. त्याला हसायला दम पुरत नाही, मला वाटलं म्हणूनच. मग बघितलं तर तो लघुलेखकांच्या टेबलामागच्या भिंतीकडे बघत होता. पुढच्या रांगेतला वकीलही तिकडेच बघत होता. त्या भिंतीवर घड्याळ होतं, बरोबर धाकटीच्या पाठीमागे. पाच वाजत आले होते.

सज्जात प्रेक्षकांनी तोंड उघडायचं नसतं, पण मला कुठलं भान? मी उठून ओरडले, "अगं बस कर! घड्याळ बघ!"

धाकटीने वर बघितलं. दोन रखवालदार माझ्याकडे धावले. सगळं सभागृह माना वळवून कुजबुजायला लागलं, आणि सभापतींनी जाहीर केलं की सज्जात शांतता होईपर्यंत कामकाज थांबवण्यात येत आहे. मी तोंडावर हात दाबून बसले. मी गप्प बसले हो, लगेच बसले. पण रखवालदारांनी माझं प्रवेशपत्र तपासलं, नवऱ्याचं तपासलं, कोणी दिलं ते विचारलं, आणि एवढं होईस्तोवर पाच वाजले. सभापतींनी घंटा वाजवली ती सभागृह उठल्याची.

धाकटी आम्हाला खाली जिन्याशी भेटली. ती रडत होती. तिला मी कुठल्या तोंडाने बोलणार? इतक्यात रेडिओ वकिलासोबत तिथून चालला होता. तो थांबला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी मनापासून म्हणाला, "बाई, आभारी आहे. माझ्याच्याने पुढे एक शब्द निघाला नसता." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमचेही आभार."

दोघे निघून गेले. नवऱ्याने धाकटीला पुढचं अधिवेशन कधी ते विचारलं. निवडणुकीनंतर, म्हणजे वर्षभराने, ती म्हणाली. त्याने मान हलवली, कठडा धरला आणि एक पायरी उतरून थांबला. छातीतली शिट्टी जरा बसू दिली.

"पुढच्या वेळी तुम्ही दोघी घरी थांबा," तो म्हणाला. "मी एकटा येईन."

आम्ही दोघीही लगेच हो म्हणालो. असलं खोटं आम्ही त्याच्याशी पहिल्यांदाच बोललो, आणि ते त्यालाही कळलं.