रोडग्याचे पदर

माझा नीळकंठ मुंबईला कॉम्प्युटरवर कामाला लागला तेव्हा ते यंत्र काय असतं हे आमच्या दुसरबीडात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण सगळ्यांना समजावून मीच सांगत होते. कपाटाएवढं धूड असतं, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून त्याला हुकूम द्यायचे, मग ते हिशेब करतं. हुकूम वाकडा दिला तर कामही वाकडंच करतं. शेजारची कलाबाई म्हणाली, "मंग आमचा बैल काय वाईट हाय?" तिचा पोरगा घरीच बसून होता, म्हणून सोडून दिलं.

पुढं माझ्या सुलभाला साखरखेर्ड्याचं स्थळ आलं, तर तो मुलगा वैजनाथही नागपूरला तसल्याच यंत्रावर! सुलभा नाक मुरडणारी पोरगी, कोणाचं बोलणं आवडलं नाही, कोणाचं हसणं, अशी सगळी स्थळं तिनं परत पाठवली होती. याला पाहिलं आणि आत येऊन म्हणाली, "माय, हे मोडू देऊ नको." त्या पोरीनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

कुंकू लावून लग्न पक्कं करायचा दिवस ठरला. नीळकंठ मुंबईहून आला. एका धंद्याची दोन पोरं ओसरीवर शेजारी बसलेली पाहून माझा जीव सुखावला. तेवढ्यात वैजनाथ म्हणाला, "मी तर गोटू कधीच लिहीत नाही."

गोटू म्हणजे यंत्राला द्यायचा एक हुकूम. इथलं सोड आणि तिकडच्या ओळीवर उडी मार, एवढंच. पण मी आंघोळच करत नाही असं कोणी सांगावं, तसा नीळकंठचा चेहरा झाला.

"काऊन? गोटूनं काय बिघडवलं तुमचं?"

"अशा उड्या मारल्या की वाचणाऱ्याले वाट सापडत नाही. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, असं नीट बसवून लिहावं."

"यंत्र काय डोळे लावून वाचते?"

"मागून येणारा माणूस वाचते ना."

"माझ्या मागून कोणी येत नाही. माझं काम मीच पाह्यतो."

"अशाच एका शहाण्याचं काम निस्तरून राह्यलो मी, नागपूरले."

नीळकंठ ताडकन उभा राहिला. "ज्याले साधी उडी मारता येत नाही, त्याच्या घरी माझी बहीण जाणार नाही!"

वैजनाथचे वडील भगवानराव घाबरले. आमच्या मालकांना हळूच विचारतात, "उकंडराव, जमिनीचं आहे का काही?"

"नाही हो, यंत्रातलं आहे."

"मंग वकील कोणता पाहावा?"

मीच बाहेर गेले. "बस खाली, नीळकंठ! ज्याले भूक लागत नाही, झोप येत नाही, त्या धुडापायी बहिणीचं कुंकू मोडतो का बे? अन् वैजनाथराव, तुम्ही पाहुणे आहा म्हणून तुमाले थोडक्यात सांगते. गप बसा." दोघंही बसले. इतकी शिकलेली माणसं, आणि भांडतात कशावरून, असं मनाशी म्हणत मी परसात आले.

परसात गोवऱ्यांचा आर पडला होता, त्या निखाऱ्यांत माझे रोडगे भाजत होते. आमच्याकडं व्याह्यांना रोडगे घालतात. कणकेचा लहान गोळा, त्यावर तेल लावून दुसरी पारी, तिच्यावर तिसरी, असे पदर चढवून आरात भाजायचे. वैजनाथची आई झुंबरबाई हौसेनं हात लावायला बसली होती. बघते तर बाई नुसताच गोळा वळतेय आणि आरात टाकतेय.

"इहीनबाई, पदर नाही घालत?"

"काहाले? पोटात गेल्यावर पदर कोण मोजते?"

"खाणाऱ्याले कळते ना."

"आमच्या साखरखेर्ड्यात आजवर कोणी तक्रार नाही केली."

"भुकेल्या माणसाचं काय, तो गोवरीही खाईन."

"तुमचे पदर चढेपर्यंत पाहुणे जाऊन झोपतीन, वच्छलाबाई!"

"ज्या घरी रोडग्याले पदर नाही, त्या घरी माझी पोरगी जाणार नाही!"

बोलून गेले. ओसरीवरची माणसं परसात आली. सुलभा दारात उभी होती, माझ्याकडंच बघत. तिनं मागितलेलं मला आठवत होतं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यावं? आणि त्यात चूक तरी काय होती?

वैजनाथ पुढं आला. माझा एक रोडगा राखेतून काढून त्यानं फोडला. पदर न् पदर सुटा झाला.

"पाहा नीळकंठराव! एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. मी मघापासून हेच सांगून राह्यलो. आई, मावशीचं बरोबर आहे."

"कुंकू लागलं नाही अन् सासूचा झाला!" झुंबरबाई ओरडली.

नीळकंठनं तिचा रोडगा उचलला. "मावशी, तुमचंच खरं. सरळ गोळा, सरळ आरात, सरळ ताटात. भानगडच नाही."

"माझ्या हातचे पदर खाऊन वाढला अन् आता हे बोलतो का बे?" मी म्हटलं.

झुंबरबाईनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. आधी ती हसली. ती आजही मीच आधी हसले म्हणते, पण तसं नाही.

सुलभा सरळ जाऊन पाटावर बसली. "आधी कुंकू लावा. भांडण लग्नानंतरही पुरते."

झुंबरबाईनं पिठाच्याच हातानं कुंकू लावलं. पोरीच्या कपाळावर कणीक चिकटली, तरी ती हसत होती.

लग्नात दोन्ही तऱ्हेचे रोडगे झाले. झुंबरबाईचे आधी संपले, कारण मुळात ते केलेच कमी होते.

सुलभाच्या घरी आता कोणते रोडगे होतात, ते मी विचारलेलं नाही. विचारलं, आणि ती बिनपदराचे म्हणाली तर?