सईच्या नावावरच्या चांदण्या

कडेगाव तालुक्यातल्या त्या गावच्या अंगणवाडीत सकाळी खिचडी शिजत होती आणि सेविका मालनताई मुलांकडून अंक म्हणवून घेत होत्या. दाराजवळ सई बसली होती, पाच वर्षांची, अंगानं बारीक. शेजारी तिचा चुलतभाऊ जयराज, वयानं जवळजवळ तेवढाच. दोघं एका घरातली, एका ताटात जेवणारी. मोजायलाही दोघांना सारखंच यायचं. पाचाच्या पुढं दोघंही अडखळत.

त्या दिवशी सांगलीच्या एका संस्थेची मयूरी आली होती. मोजणीचे खेळ घातलेल्या टॅबवर लहान मुलं खरोखर गणित शिकतात का, हे संस्थेला तपासायचं होतं. निम्म्या मुलांना टॅब मिळणार, निम्म्यांना नाही. कुणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरणार, म्हणजे वशिला नको. संध्याकाळी आईनं मुलाला जवळ घेऊन खेळवायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांची सारखीच तोंडी परीक्षा व्हायची.

सईची चिठ्ठी निघाली. जयराजची निघाली नाही.

सईची आई सारिका ही बातमी ऐकून भांडी घासता घासता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. तिचा नवरा रविराज दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून गेला. तो साखर कारखान्यात कारकून होता, हिशेबाला पक्का म्हणून गावात त्याचं नाव होतं. सासरे आकाराम यांनी परवाच सांगितलं होतं की, जूनमध्ये जयराजला कडेगावच्या इंग्रजी शाळेत घालायचं. सईचं विचारल्यावर ते म्हणाले होते, "पोरगी बापाच्या वळणावर गेली असंल तर तिला बी घालू. बघू तवा." त्या 'बघू'वर सारिका जगत होती. टॅबवर सई चमकली की सासऱ्यांना दिसेलच, असं तिनं मनाशी धरलं.

टॅबवाटपाचा कार्यक्रम देवळापुढच्या मांडवात ठरला. विद्येची वस्तू आहे तेव्हा पूजा झाली पाहिजे, असं गावातल्या बायकांनी सुचवलं. प्रत्येक आईनं टॅबला हळदकुंकू वाहायचं, मुलाला ओवाळायचं आणि मग तो हातात घ्यायचा. मयूरीला हे फार आवडलं. बायका आपणहून पुढं येताहेत, आणखी काय हवं?

सारिका न्हाऊन, माहेरचं मोतिया रंगाचं लुगडं नेसून सईचा हात धरून निघाली, तोच उंबऱ्यात सासूनं हटकलं.

"तू कुटं निघालीस गं? शुभ काम हाय. पोरीला थोरलीबरुबर लावून दे."

सासू रागानं बोलली नव्हती. चूल विझली का बघ म्हणावं, इतक्या सहज बोलली. थोरली जाऊ, जयराजची आई विजयमाला, हिनं सईचं बोट धरलं आणि दोघी गेल्या.

आम्ही लहान असताना घरातल्या विधवा आत्यांना केस काढून, लाल आलवणात माजघरात बसलेलं पाहिलं आहे. आज सारिकाच्या डोक्यावर केस आहेत, अंगावर रंगीत पातळ आहे, कमरेला मोबाईल आहे. ते पाहून आपण समाधानानं म्हणतो, गेल्या बाई त्या जुन्या चाली. चाली गेल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला, एवढंच.

मांडवात विजयमालानं ओवाळलं, टॅब घेतला. मयूरीनं फोटो काढला. तिच्या यादीत मुलाचं नाव बरोबर होतं. बाजूची बाई कोण, हे तिनं विचारलं नाही.

टॅब घरी आला तो थोरलीच्या खोलीतल्या कपाटात गेला. पूजा तिच्या हातची, तेव्हा वस्तू तिच्याकडंच, याबद्दल घरात चर्चासुद्धा झाली नाही. संध्याकाळी सारिका भाकरी थापत असे आणि थोरली जयराजला कॉटवर घेऊन बसे. टॅबमध्ये आंब्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक मागेल तेवढे आंबे मोजून द्यायचे, बरोबर दिले की चांदणी मिळायची. सई चौकटीला टेकून बघायची. सुरुवातीला तिनं दोन-तीनदा हात पुढं केला. "लावू नगं, बिघडंल," असं तिला सांगण्यात आलं. मग ती हात पाठीमागं बांधून उभी राहायला शिकली.

सारिकानं एकदा धीर केला. "आक्का, सईला बी जरा द्या की."

"ह्याचं झालं की देते की. मी काय न्हाई म्हंतिया व्हय?"

पण त्याचं कधी होतच नसे. आणि ज्या घरात मायलेकींचं पोट चालतं तिथं तेच पुन्हा पुन्हा मागणं सारिकाला जमलं नाही.

जयराज मात्र खरोखर शिकला. वीसच्या पुढं मोजू लागला. जेवताना पाच ताटं मांडली आणि आजोबा शेतावर असले, तर एक उचलून ठेवू लागला. खेळ चांगला होता. ज्याच्या हातात पडला त्याला त्यानं शिकवलं.

सांगलीत मयूरीच्या पडद्यावर रोज मुलांची प्रगती उमटायची. त्या गावात सर्वांत जास्त चांदण्या सईच्या नावावर होत्या. एकदा आनंदानं तिनं सारिकाला फोन केला आणि तुमची मुलगी फार हुशार आहे हो, असं सांगितलं. सारिकाच्या समोर सासू शेंगा फोडत बसली होती.

"व्हय मॅडम," सारिका म्हणाली. आणि फोन ठेवून तिनं चुलीत लाकूड सारलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मयूरीनं सईला कौतुकानं जवळ बसवलं, पुढं चिंचोक्यांचा ढीग ठेवला आणि सात चिंचोके दे म्हणाली. सईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"अगं घे ना. हात लाव."

"मी हात लावायचा न्हाई," सई म्हणाली. "बिघडतंय."

मयूरीनं चुचकारलं, चित्रं दाखवली, बोटं दाखवली. पोरीचे हात सुटेनात, तोंड उघडेना. त्यानंतर जयराज आला. त्याला टॅब मिळालेलाच नव्हता, आणि त्यानं एकही उत्तर चुकवलं नाही.

मयूरी तशीच त्यांच्या घरी गेली. सगळे पुढच्या सोप्यात बसले होते. टॅबवर रोज कोण खेळत होतं, असं तिनं विचारलं. मग आतल्या दारातून सारिका बाहेर आली.

"मॅडम, त्या चांदण्या माज्या लेकीच्या न्हाईत. तिनं त्याला एकदा बी हात लावला न्हाई."

"मग फोनवर का नाही बोललात?"

"सासूबाई म्होरं हुत्या."

सासू उसळली. "घरातलीच वस्तू, घरातलंच पोरगं खेळलं. त्यात आमी चोरी केली व्हय? आनि पोरगीच मठ्ठ हाय, तिला ते काय करंल?"

आकाराम शांतपणे म्हणाले, "एकाला तर एकाला. जयाला घालू इंग्रजी शाळंत. परीक्षा मॅडमनी घेतलीया, आमी न्हाई."

"ही परीक्षा माज्या लेकीची न्हाई झाली, आबा," सारिका म्हणाली. "माज्या कपाळाची झाली."

थोरलीनं चहा टाकला. मयूरीनं तो घेतला, कारण नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

सांगलीत तिनं संस्थाप्रमुख विश्वजित सरांना सगळं सांगितलं. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पण चिठ्ठी ज्याची, निकाल त्याच गटात धरायचा, हा अशा तपासणीचा नियमच असतो. नंतर मुलं इकडची तिकडं हलवली तर चिठ्ठ्या टाकण्याला अर्थ काय? अहवाल वाचायच्या दिवशी मयूरीनं सभेत उभं राहून तेच पुन्हा सांगितलं. एका पाहुण्यांनी विचारलं, अशी किती घरं आढळली?

"मला कळलेलं एक," ती म्हणाली.

एका घरानं निष्कर्ष बदलत नाही, असं ते समजुतीनं म्हणाले. त्यांचं गणित बरोबर होतं. बाकीच्या घरांच्या दारात कोण थांबलं होतं, हे मयूरीनं कुठंच विचारलं नव्हतं. टॅबमुळे मुलांच्या गणितात फरक दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. टॅब परत गोळा झाले.

जूनमध्ये पिवळी बस जयराजला घेऊन गेली. सारिका सईला गावातल्या शाळेत घेऊन गेली. पहिलीच्या मुलांचं स्वागत होतं. मास्तर फाटकाशी उभे राहून आयांना आत यायला सांगत होते, या, आपापल्या मुलाला ओवाळा. आत तबक तयार होतं. सईनं आईचा हात ओढला.

"जा तू," सारिका म्हणाली. "कुनीतरी ववाळंल."

ती फाटकाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. या वेळी तिला कुणी अडवलं नव्हतं.