लिंबाखालचा अविश्वास ठराव

आमच्या गावच्या दूध संस्थेत ठरावाशिवाय माशीसुद्धा हलत नाही. ही शिस्त चेअरमन सुंदररावांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मी शिवकन्या, त्यांची सून आणि संस्थेची सचिव. दोन्ही कामांना रजा नाही.

त्या वैशाखात चारा छावणीचा विषय होता. सभा नेहमीसारखी लिंबाखाली भरली. दोन सालं पाऊस नव्हता, आणि नेमका तेव्हाच शिरूरच्या अंगानं ढग उठला. सकाळपासून ओलसर, गरम हवा वर चढत होती. ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत गेला. असल्या ढगाच्या पोटात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासतात, त्यातून वीज साठते, हे मी रेडिओवर ऐकलं होतं. माणसं मात्र नुसती खुळावली होती. सभासद सरूबाई तर चपला काढून नाचायलाच लागल्या.

लखकन चमकलं. मी सेकंद मोजले. पंधराला गडगडलं.

"मामा, वीज पाचच किलोमीटरवर हाय. झाडाखालून उठा, शाळेत चला."

"दोन सालानं ढग आलाय, आन् आपण पळायचं? ठरावाबिगर कुणी हलायचं न्हाई!"

असा राग आला मला! पण काट्यानंच काटा काढावा लागतो.

"सूचना मांडते. सभा शाळेत हलवावी!"

"अनुमोदक?"

"मी!" नाचता नाचता सरूबाई ओरडल्या.

चाळीस हात वर झाले. पुन्हा चमकलं, या वेळी नवालाच गडगडलं. संस्थेचा कुठलाही ठराव इतक्या लवकर अमलात आला नव्हता. धोतरं-पदर सावरत, खिदळत, एकमेकांना ढकलत सगळे पन्नास पावलांवरच्या पक्क्या शाळेत घुसले. मी खिडक्या लावून घेतल्या, मागे वळले, तर मामा तिथंच! बुडाखाली लोखंडी खुर्ची, डोक्यावर लिंब.

"मामा, या की!"

"सभा संपंस्तोर अध्यक्ष खुर्ची सोडत न्हाई! पहिल्याच सभेचा ठराव हाय!"

तोंड वर करून ते थेंब झेलत होते, लेकरासारखे हसत होते. चमकलं. चाराला गडगडलं. लग्नानंतर माझं कॉलेज याच माणसानं पुरं करवलं होतं. हा हट्टी म्हातारा मला हवा होता.

मी दारातून ओरडले, "सूचना! चेअरमनवर अविश्वास!"

"काय?" मामा ताडकन उठले. "माझ्यावर? कोन म्हनतंय?"

धोतर खोचून, बोट नाचवत ते तरातरा आले. उंबरा ओलांडला आणि कडाड! लिंब उभा चिरला. खुर्ची उलटून लांब पडली.

मामा मटकन खाली बसले.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मी कुणाला बाहेर सोडलं नाही. तेवढ्यात छावणी मंजूर झाली, आनंदाच्या भरात दोनदा. मग मामांनी घसा खाकरला.

"अविश्वासाचा ठराव राहिलाय. घ्या मताला. बाजूनं कोन?"

एकच हात वर आला. मामांचाच.

"विरोधात?" मी विचारलं, आणि सूचक असूनही माझाच हात सगळ्यांच्या आधी वर गेला.