चुकीच्या ताऱ्यावर पडलेलं वर्तुळ

मित्रांनो, मला हलवू नका. आतली सुई तबकडीला खरवडते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. साधीसुधी समजू नका, आभाळातले खून मी पोटात सांभाळलेत.

कारखान्यात माझी तबकडी आरशासारखी घासली. पुढे बजाजनगरच्या योगिनीने मला घेतलं. ती क्ष-किरणांचे उगम शोधते. दूर कुठं कृष्णविवर एखाद्या ताऱ्याला फाडून गिळतं, तेव्हा क्ष-किरणांचा भडका उडतो. पण त्यांचा फोटो काढणाऱ्या दुर्बिणीची नजर अधू; ती नुसतं वर्तुळ आखून देते, की खुनी इथं कुठंतरी आहे. मग अवकाशातल्या दुसऱ्या दुर्बिणीने साध्या उजेडात काढलेल्या फोटोवर ते वर्तुळ ठेवायचं. त्याआधी दोन्ही फोटोंतले ओळखीचे तारे एकमेकांवर बसवायचे. सात वर्षं मी यात राबले. वाहवा योगिनीची, माझ्यावर चहाचे कप.

त्या दिवशी पाचच्या आत मोठ्या दुर्बिणीवाल्यांना खुन्याचं नाव कळवायचं होतं, म्हणजे ते ती तिकडे रोखणार. चुकलं तर दुर्बीण भलतीकडे वळणार, आणि योगिनीवर पुन्हा कोण भरवसा ठेवणार? घाईत बाईसाहेबांनी तारे जुळवलेच नाहीत. वर्तुळ एका झगझगीत ताऱ्यावर पडलं.

"ह्योच कशावरून?" तिच्या आजीने, दगडाबाईने विचारलं. तिचा जन्म पिशोरच्या रानात मेंढरांमागे गेलेला.

"वर्तुळात हाच उठून दिसतोय, आजी."

"खुणा बघितल्या?"

"टाइम नाय!"

"मला बी नव्हता." आजीचा आवाज चिरकला. "कोकरू फाडलेलं, अन् आपला काळ्या शेजारी उभा. मातीतला पंजा न बघता काठीनं डोकं फोडलं त्या कुत्र्याचं. दुसऱ्या दिशी लांडग्यानं आणखी दोन फाडली. काळ्या राखत होता गं, योगे!"

तरी योगिनी नाव पाठवायला गेली, तसं आजीने तिचं मनगट पिरगाळलं. झटापटीत मी फरशीवर आदळले. सुई तबकडीत घुसली. क्ष-किरणांचा फोटो फक्त माझ्यापाशी होता. योगिनी किंचाळली. फोटोची एकेक ओळ मी अंग सोलून बाहेर काढली. चार ओळखीचे तारे दिले आणि तिथंच मी बंद पडले.

तारे जुळले तसं वर्तुळ सरकलं. झगझगीत तारा बाहेर राहिला. आत उरला धुळीच्या कणाएवढा पुसट ठिपका, एक लांबची दीर्घिका. कृष्णविवर तिच्यात बसलं होतं. पाचला दहा मिनिटं असताना योगिनीने त्या दीर्घिकेचं नाव पाठवलं.

आजी पडद्यावरच्या ताऱ्याला म्हणाली, "सुटलास बाबा."

मित्रांनो, खुणा जुळवल्याशिवाय कुणावर काठी उगारू नका. आणि आमच्यासारख्या मुक्या चाकरांच्या गळ्यात एकुलती एक प्रत बांधून आम्हाला टेबलाच्या काठावर ठेवू नका. आम्ही पडलो, की ओरडायलाही येत नाही.