डावीकडची गाठ

“थांबा!”

शिलाईवाली हात वर करून ओरडली. टेबलापाशी चादर धरून उभी असलेली बाई बाजूला झाली आणि शिलाईवालीनं तिची जागा घेतली. खेळाचा नियमच तो होता. अपघाताचा प्रसंग पुन्हा पुन्हा करायचा. इथे काहीतरी वेगळं व्हायला हवं होतं असं वाटलं, की ‘थांबा’ म्हणायचं. आणि ज्यानं थांबवलं, त्यानं पुढे यायचं. नाटकवाली बाई दर शुक्रवारी येऊन हे वाक्य सगळ्यांकडून घोकून घ्यायची. बसल्या जागेवरून शहाणपण शिकवायची तिथे सोय नव्हती.

धुलाईखान्याच्या जेवणघरातलं लांब टेबल म्हणजे इस्त्रीचं यंत्र. गुंडाळलेली सतरंजी म्हणजे त्याचा तापलेला रोलर आणि झाडूचा दांडा म्हणजे रोलरच्या पुढची दांडी. हॉस्पिटलच्या चादरी दोघींनी दोन टोकं धरून आत सरकवायच्या. हात फार पुढे गेला, तर दांडीला धक्का लागून यंत्र बंद पडतं. निदान पडायला हवं.

“मी आपली हात लांब ठेवते बाई,” शिलाईवालीनं करून दाखवलं. सगळ्या हसल्या.

थोरली हसली नाही. पहिल्या रांगेत ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती, आणि तिचा एक हात सारखा ॲप्रनच्या खिशात जात होता.

“ताई, पाय हलवू नका. अख्खी रांग हलतेय,” शेजारून धाकटी म्हणाली. तिचा पट्ट्यांत बांधलेला उजवा हात मांडीवर होता.

दोघी सख्ख्या जावा. घर एक, आणि यंत्रही एकच. थोरली उजव्या टोकाला, धाकटी डाव्या. अख्खा धुलाईखाना त्यांना थोरली-धाकटी म्हणूनच ओळखायचा. ‘जावा जावा, उभा दावा’ ही म्हण या दोघींनी खोटी पाडली, असं सगळ्या म्हणायच्या. आताशा ते ऐकलं की थोरलीला ठसका लागायचा.

तीन आठवड्यांपूर्वी ती दांडी बिघडली होती. चादरीला जराशी चुणी पडली तरी यंत्र थांबायचं. सुपरवायझर म्हणाला होता, “दांडीचं काहीतरी बघा. काय ते मला विचारू नका.” दुसऱ्या दिवशी थोरलीनं सकाळी लवकर येऊन, जुन्या चादरीची पट्टी फाडून दांडीचं टोक चौकटीला करकचून बांधलं. दांडी गप बसली. दुपारी धाकटीची बोटं आत गेली तेव्हाही ती गपच होती. थोरली भिंतीवरच्या बटणाकडे धावली, आणि परत येऊन त्या आरडाओरड्यात गाठ सोडून पट्टी खिशात कोंबली. ती अजून तिथेच होती. रोज ॲप्रन बदलला, तरी पट्टी नव्या खिशात जायची.

सुपरवायझरनं अहवाल दिला: दांडी मोकळी होती, बाईचं लक्ष नव्हतं. धाकटीला कामावर ठेवायचं की नाही, ते साहेब सोमवारी ठरवणार होते. आज ते स्वतः खेळ बघायला शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांच्या पलीकडे, भिंतीकडच्या खुर्चीवर सुपरवायझर.

थोरली रोज सकाळी धाकटीची वेणी घालायची. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मग ती पिना दातांत धरायची, म्हणजे बोलावं लागायचं नाही. आपल्या माणसाची नोकरी आपल्या भित्रेपणापायी जाणार, या विचारानं तिला अन्न गोड लागत नव्हतं.

टेबलापाशी प्रसंग पुन्हा सुरू झाला.

“थांबा.” आपला आवाज थोरलीला स्वतःलाच ओळखू आला नाही.

ती उठून उजव्या टोकाला गेली.

“कुणाची जागा घेणार?” नाटकवालीनं विचारलं.

“माझीच.”

तिनं खिशातून पट्टी काढली आणि दांड्याचं टोक टेबलाला बांधलं. गाठ पक्की बसली.

“ही मी बांधली होती. दांडी हलली नाही ती यामुळे. तिचं पूर्ण लक्ष होतं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.”



“थांबा,” धाकटी म्हणाली.

ती पुढे आली आणि डाव्या टोकाला उभी राहिली. डाव्या हातानं तिनं दांड्याचं मोकळं टोक वर-खाली केलं.

“एका गाठीनं ही गप बसते होय, ताई?”

तिनं डोक्याचा रुमाल ओढून काढला, आणि एका हातानं आणि दातांनी ते टोकही टेबलाला बांधलं.

“ही माझी. त्याच सकाळी, तुम्ही ॲप्रन आणायला गेलात तेव्हा. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही.”

थोरली त्या गाठीकडे बघत राहिली.

“आणि नंतर? इतके दिवस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

थोरलीला एकदम हसू आलं आणि डोळेही भरले. धाकटीनं मात्र गाठीवरचं बोट काढलं नाही.

“एकच कोडं सुटत नाही. माझा हात आत होता, म्हणजे ही गाठ मी सोडली नाही. तुम्ही?”

“तुझ्याकडची मी पाहिलीच नाही.”

“मग दांडी मोकळी होती असं लिहायच्या आधी माझी गाठ कुणी—”

“थांबा!”

सुपरवायझर उभा राहिला होता. “बास झाला हा पोरखेळ!”

सगळ्या जणी मागे वळल्या. शिलाईवाली अगदी अदबीनं म्हणाली,

“या ना. ज्यानं थांबवलं, त्यानं पुढे यायचं.”

सुपरवायझरनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गुडघे बाजूला घेऊन त्याला वाट करून दिली.