मुकादमांनी बुजवलेला चर

सकाळी नऊ वाजता वायरमन आला, तेव्हा घरापासून मागच्या शेडपर्यंतचा चर बुजवलेला होता. आदल्या संध्याकाळी तो उघडा होता. तळाशी तारेचा पाइप टाकलेला होता आणि दुपारी वीज कंपनीचा तपासनीस त्याची खोली पाहणार होता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो जोडणीला मंजुरी देत नाही आणि त्याची पुढची फेरी महिन्याने असते. तोवर शेडमधला लाकूड कातायचा लेथ बंद. घरातल्या मुलीने कारखान्यातलं सुतारकाम सोडून तो घेतला होता. खुर्च्यांच्या पायांचं पहिलं काम महिनाअखेरीस द्यायचं होतं.

चर तिच्या वडिलांनी बुजवला होता. ते रस्त्याच्या कामावर मुकादम होते. खड्डा रात्रभर उघडा ठेवायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. अंधारामुळे राहिलं म्हणून पहाटे उठून त्यांनी थराथराने माती टाकली, पाणी मारलं, धुम्मसाने ठोकली. तपासणीचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लेकीला उठल्यावर काम आयतं झालेलं दिसावं, एवढाच हेतू.

वायरमनने वर पाय आपटून पाहिला. "मुकादम, सरकारी रस्ता कधी एवढा पक्का केला नाहीत."

मुलीने बुजलेल्या चराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. वडिलांनी त्याचाच धसका घेतला आणि कुदळ उचलली. वायरमनने ती काढून घेतली. पाइपवर एक घाव बसला की सगळंच नव्याने. कुदळ वरच्या थरापुरती, खाली खुरपं आणि हात, असं ठरलं. तिघेही गुडघे टेकून बसले.

मध्यावर एक सांधा निसटलेला सापडला. त्याला चिकटवायचं सोल्यूशन लावलेलंच नव्हतं, आणि ते काम वायरमनचं होतं. आता टोमणा मारायची पाळी मुकादमांची होती. पण त्यांनी नुसता सोल्यूशनचा डबा पुढे केला. मुलीला हसू आवरेना.

तपासनीस ठरल्यापेक्षा लवकर आला. उघड्या भागात त्याने टेप सोडला. खोली बरोबर निघाली. शेडकडचा तुकडा मात्र बंद होता. पलीकडच्या गल्लीत एक घर पाहून परत डोकावतो, तेव्हा सगळा पाइप दिसला पाहिजे, एवढं सांगून तो गेला.

"बाबा, तो आज आलाच नाही आणि चर रात्री उघडा राहिला तर?"

"मी इथेच खाट टाकतो," मुकादम म्हणाले आणि पुन्हा माती उपसू लागले.

दुपारी सव्वादोनला शेडच्या भिंतीपर्यंत पाइप मोकळा झाला होता. तपासनीस अजून आलेला नव्हता. त्याची स्कूटर पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती.