भाऊजींचा ठराव

हॉस्पिटलच्या धुलाईघरात वहिनी बावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होत्या. सगळेच त्यांना वहिनी म्हणत, कारण युनियनचे सेक्रेटरी त्यांचे सख्खे दीर. भाऊजी म्हणजे उठताबसता कामगारांच्या एकजुटीचं सांगणारा माणूस. यंदा निवडणुकीचं वारं बघून त्यांनीच ठराव आणला: बाहेरून आलेल्यांना युनियनमधून काढायचं. ते कमी पगारात राबतात, म्हणून आपला पगार वाढत नाही.

जेवणाच्या सुट्टीत सभा भरली. बाहेरच्या अकरा जणांना मुद्दाम यंत्रांवर ठेवलं होतं. त्यांत रक्ताळलेले कपडे निवडणारी बाई होती. ते काम इथल्या कुणालाच नको असायचं. कपड्यातली सुई टोचली तरी ती बोलत नसे. बोललं तर काम जाईल, ही धास्ती.

भाऊजी अर्धी सुट्टी बोलले. माना डोलल्या. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी, ते कमी घेतात, की त्यांना कमी दिलं जातं?"

"वहिनी, बसा तुम्ही. घरी बोलू."

"हे घरचं नाही. बाहेरच्यांना पाऊण पगार, असं युनियनने तीन वर्षांपूर्वी केलेल्या करारात लिहिलंय. खाली सही कुणाची आहे?"

कुणीतरी खोकलं. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, आपली माणसं वाचवायची होती, असं भाऊजी पुटपुटले.

"त्यांचा पगार कापलात तुम्ही, आणि कमी पगारात राबतात म्हणून हाकलताय त्यांनाच. चोर सोडून संन्याशाला फाशी."

तरी ठराव पास झाला. वहिनींच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारीच्या बाळंतपणात त्याच रक्ताळलेले कपडे निवडणाऱ्या बाईने तीन महिने स्वतःचं आणि तिचं, दोघींचं काम ओढलं होतं. शेजारणीनेही मान खाली घालून ठरावाच्या बाजूने हात वर केला.

वहिनी परतल्या तशी त्या बाईने विचारलं, "विरोधात किती होते?"

"सात."

"सात?" तिचा चेहरा उजळला. "मला वाटलं, तुम्ही एकट्याच असाल."

सात माणसांवर ती खूश झाली, याचा वहिनींना भयंकर संताप आला. त्यांनी करारातली ती ओळ सहीच्या नावासकट कागदावर उतरवून तो धुलाईघराच्या दारावर चिकटवला. भाऊजींनी फाडला. वहिनींनी दुसरा लावला, तोही गेला. भाऊजींनी घरात बोलणं टाकलं.

वहिनींनी तिसरा कागद घरी त्यांच्यासमोर, जेवणाच्या टेबलावरच लिहायला घेतला. या खेपेला अक्षर मोठं काढलं.